हकीमसाबाचं पथ्य

नांदूरघाटात कुणालाबी विचारा, पारूबाईच्या हाताला चव हाय असंच सांगतील. लगीन असो, बारसं असो, तेरावं असो, आमटीला फोडणी द्यायला मलाच बोलावणं येतं. मी जाते. पदर खोचते, चुलीपुढं बसते, कुणी वाखाणलं की हसते. आन् दर वेळी एक बाई डोळ्यापुढं येती – जिला ह्याच हातानं वाढायचं ते वाढलं न्हाई. ही गोष्ट माझ्या मालकाला ठाऊक न्हाई. सासू गेली, तिला कळली न्हाई. देवळात उभी ऱ्हायले तरी माझे ओठ चिकटून बसतात. तुमी माझे कोण? कुणीच न्हाई. म्हणून तुमाला सांगते. अर्ध्यात थांबले तर मला दटावा, कारण मी थांबंल. मला माझी सवय ठाऊक हाय.

कुठून काढू? कातडीपासून काढते. गजराच्या कातडीपासून.

गजरा माझी धाकटी जाऊ. ती घरात आली तवा माझ्या लग्नाला बरीच वर्षं झालती आन् माझी कूस उजवली नव्हती. ती आली – सावळी न्हाई, गोरी न्हाई, गव्हाळ म्हणा – पण कातडी अशी की बघणारीनं हात लावून बघावं. नदीवर धुणं धुताना बाया तिच्या दंडाला हात लावायच्या. काय लावतीस गं, हळद का बेसन? ती लाजायची, काय न्हाई म्हणायची. खरंच काय लावत नव्हती. आमची सासू – आत्याबाई म्हणायचो आमी तिला – एकदा ओट्यावर शेंगा फोडता फोडता बोलून गेली, "तिच्या माहेरी चार म्हशी हायत. पोटात चांगलं गेलं की अंगावर दिसतं."

साधं बोलणं. तिच्या मनात काय नव्हतं. पण मला ते झोंबलं. म्हणजे माझ्या अंगावर दिसत न्हाई ते कावून? माझ्या माहेरी एक शेळी व्हती, म्हणून? त्या दिवशी मी मनात म्हणाले – आता आमच्या घरचं खाऊन हिच्या अंगावर काय दिसतं ते बघू की.

बघा, सुरुवात ही व्हती. एवढीच. कुणाला वाटंल, एवढ्यानं काय होतंय?

आमच्या घरात शिंक्याला हात लावायचा मान थोरल्या सुनेचा. दूध, दही, लोणी, सगळं शिंक्यावर, आन् शिंकं माझ्या हातात. जेवायला आधी गडीमाणसं, मंग आत्याबाई, आन् शेवटी आमी दोघी जावा, उरलंसुरलं समोर घेऊन. वाढणारी मी. गजरानं कधी स्वतःच्या हातानं घेतलं न्हाई, तशी रीतच नव्हती. त्यात ती सालं कोरडी. पाऊस दगा देऊन गेलता, म्हैस आटत आलती, तुरी हाती लागल्या नव्हत्या. जेवढं व्हतं तेवढं जपून वापरायचं. कुणाला किती, ते मी ठरवायचं.

म्या तिला उपाशी ठेवली न्हाई हां. ज्वारीची भाकरी मागंल तेवढी. दोन घे, तीन घे, वर मिरचीचा ठेचा. पण डाळीचा गंज तिच्या पाळीला रिकामा असायचा. ताक संपलेलं असायचं. दूध शेजाऱ्याचं मांजर पिऊन गेलेलं असायचं – आन् ते मांजर बिचारं आमच्या दाराशीबी आलेलं नसायचं. माझ्यापुरती दह्याची वाटी मी टोपल्याखाली झाकून ठेवायची. ती भांडी घासायला गेली की खायची. चोरून खाल्लेल्या दह्याला काय चव असती सांगू? असती. लई चांगली असती. त्याचीच तर लाज वाटती.

गजराला दिवस गेले, पोरगी झाली. मुक्ता. बाळंतपणात आत्याबाईनं स्वतः बघितलं, खीर, डिंक, शेपूची भाजी, सगळं. तवर ठीक व्हतं. मंग ती कामाला लागली आन् तिचं ताट पुन्हा माझ्या हातात आलं. अंगावर पिणारं लेकरू, दिवसभर रानात राबणं, आन् पोटात नुसती ज्वारी. म्या बघत व्हते. मला कळत नव्हतं असं कसं म्हणू? म्हशीला नुसतं कडब्यावर ठेवलं की तिची कातडी हाडाला चिकटती, केस उभे ऱ्हातात – हे मला कळत व्हतं. मंग बाईचं कळत नव्हतं व्हय?

उन्हाळा लागता लागता तिचं पोट बिघडलं. आधी वाटलं बाधलं काहीतरी. सारखी लोटा घेऊन वड्याकडं पळायची. तोंड आलं, जीभ लालबुंद. तिखट लागंना, मंग भाकरी पाण्यात कुस्करून खायला लागली. आन् मंग हात. मनगटापासून खाली कातडी भाजल्यागत लाल झाली, मंग काळी, मंग जाड, मंग फुटायला लागली. पायांचं तसंच. गळ्याभोवती काळं कडं उठलं, माळ घातल्यागत. जिथं ऊन लागायचं तिथंच. चोळीखाली कातडी अजून पहिल्यासारखीच व्हती, पण ती कुणाला दिसणार?

गावाला हात दिसले. नदीवर ज्या बाया तिच्या दंडाला हात लावायच्या, त्या तिच्यापासून लांबच्या दगडावर धुवायला लागल्या. कुणीतरी तो शब्द काढला. रक्तपिती. महारोग. एकदा शब्द निघाला की मंग काय, गावाला दुसरं काम न्हाई. गजरा मला म्हणायची, आक्का, मला तसलं काय झालं न्हाई ना हो? आन् हात पदराखाली झाकायची.

आत्याबाईचा जीव व्हता तिच्यावर. तिनंच ठरवलं, केजच्या हकीमाला दाखवा. ज्वारीची काढणी चाललेली, मामंजी आन् माझे मालक रानात. गजराचा नवरा, म्हणजे माझा दीर, त्यानं बैलगाडी जुपली आन् बाईमाणूस सोबत पाहिजे म्हणून आत्याबाईनं मला पाठवलं. तिला वाटलं, थोरली शहाणी हाय, नीट ऐकून येईल.

ऐकलं म्या. अगदी नीट ऐकलं.

हकीमसाबाचं घर बाजाराच्या मागं. गडीमाणसांची बैठक वेगळी, बायांना आत पडद्याआड बसवायचे. भाऊजी बाहेर लिंबाखाली बैलांपाशी ऱ्हायले. हकीमसाब म्हातारे, डोळे बारीक, बोलणं सावकाश. त्यांनी गजराला पडद्याबाहेर बोलावलं, नाडी बघितली, जीभ बघितली, बाही वर सारायला सांगितली. बाभळीचा काटा घेऊन तिच्या काळ्या पडलेल्या हाताला हळूच टोचला आन् विचारलं, कळतंय का. ती कळवळली. हकीमसाबांनी मान हलवली. तेवढ्यात गजराच्या पोटात मुरडा आला आन् ती लोटा घेऊन परसात पळाली. नेमकी तवाच. एवढंसं थांबली असती तर? रोज विचारते मी स्वतःला. एवढंसं थांबली असती तर आज ती बसली असती इथं नातवंडं घेऊन.

ती गेली आन् हकीमसाबांनी मला विचारलं, "इसकू खाना कौन देता?"

माझी पाचावर धारण बसली. पडदा व्हता मधे म्हणून बरं, न्हाईतर माझं तोंड बघूनच त्यांना कळलं असतं. म्या म्हणलं, सासू.

मंग ते जे बोलले ते मला शब्दाला शब्द पाठ हाय. "ये रक्तपिती नै, बाई. चमडी का रोगच नै. पेट रोता सो चमडी पे दिखता. इसकू दूध देव, दाल देव, गोश्त का शोरबा देव. खाली जवारी पे नक्को रखो, मर जाती."

मर जाती. हे बी सांगितलं व्हतं त्यांनी. मला समजलं न्हाई असं म्हणायला जागाच ठेवली न्हाई. पोटासाठी एक पुडी दिली, सकाळी मधातून द्यायची. आत्याबाईनं आठ दिवस गावभर जे शब्द ऐकले, त्यांच्यापेक्षा ह्या म्हाताऱ्याचे शब्द किती सोपे व्हते. दूध देव, दाल देव.

गजरा परत आली, चेहरा घामानं भिजलेला. आमी निघालो. गाडीत ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली. मी विचार करत व्हते. घरी जाऊन सांगायचं काय? की हकीमसाब म्हणले, हिला खायला मिळत न्हाई? मंग आत्याबाई माझ्याकडं बघंल. मालक बघतील. शिंकं कुणाच्या हातात व्हतं? भाऊजी तर मला तिथंच – काय केलं असतं त्यांनी? काय केलं असतं? दोन शिव्या. शिंकं हातातून गेलं असतं. चार दिवस अबोला. बस्स, एवढंच झालं असतं. आज हिशेब लावते तर एवढंच दिसतं. पण त्या गाडीत मला वाटलं की माझं सगळं जाईल. वांझ तर व्हतेच, आता वांझ आन् वर हावरट.

चढ लागला तसे भाऊजी गाडीतून उतरून बैलांबरोबर चालायला लागले. त्यांनी मागं वळून विचारलं, वैनी, काय म्हणले हकीमसाब?

ऐका. हेच सांगायचं व्हतं. मी म्हणाले –

"कडक पथ्य सांगितलंय. दूध, ताक, डाळ, मटण बंद. कोरडी भाकर, तीबी अळणी."

झालं. एवढंच वाक्य.

आन् कुणाला शंका आली असंल? आमच्याकडं अंगावर काही उठलं की आधी ताट मोकळं करतात. खरूज झाली, दूध बंद. गळू झालं, डाळ बंद. कोड दिसलं, मीठ बंद. लहानपणापासून सगळ्यांनी हेच ऐकलेलं. म्या नवीन काय सांगितलं न्हाई, घरातलंच सांगितलं, फक्त हकीमसाबाच्या तोंडी घातलं. खरं सांगितलं असतं तर आत्याबाईनं दहादा विचारलं असतं, दूध? कातडीला? नीट ऐकलंस का गं? खोटं सांगितलं तर एकानंबी विचारलं न्हाई. माझ्या मांडीवर डोकं ठेवलेली गजरा म्हणाली, बरं झालं आक्का, तुमी व्हता, मला तर काहीच ऐकू आलं न्हाई.

पुडी म्या रोज दिली. न चुकता. मधात कालवून, स्वतःच्या हातानं. बाया म्हणायच्या, जाऊ करती का एवढं? बहीण करत न्हाई.

आन् पथ्य? पथ्य सगळ्यांनी पाळलं हो. ते बघवत नव्हतं. पुढं म्हशीला रेडी झाली, दूध वाढलं, आता चोरायची गरजच उरली न्हाई. घरात दूध उतू चाललं आन् गजरा कोरडी अळणी भाकर पाण्यात बुडवून खायची. एकदा तिनं हावेनं वाटीभर ताक तोंडाला लावलं. तिच्या नवऱ्यानं बघितलं. त्यानं वाटी काढून घेतली – रागानं न्हाई, मायेनं – आन् लहान पोरीला समजवावं तसं समजावलं, आपल्याला बरं व्हायचं न्हाई का? ती ओशाळली. मी चुलीशी बसून भाकर थापत व्हते. भाकर तव्यावर टाकली, उलटली, फुगली. 

शेजारच्या आमिनाबी, बागवानाची बायको, ईदेचा शीरखुर्मा घेऊन आली तर गजरानंच हात जोडले. हकीमसाबांनी न्हाई म्हणलंय भाबी, म्हणाली. आमिनाबीला नवल वाटलं. हकीमसाब शीरखुर्म्याला न्हाई म्हणतील? असं म्हणून ती माझ्याकडं बघायला लागली. म्या पुढं होऊन वाटी घेतली आन् म्हणलं, आमी खातो. खाल्ला बी.

मंग गजराचं डोकं फिरायला लागलं. रात्र का दिवस ते कळंना. भिंतीशी बोलायची. मुक्ताला माहेरच्या बहिणीच्या नावानं हाक मारायची. काहीबाही बरळायची, मधेच रडायची. गावाला तर निमित्तच मिळालं. रक्तपिती आन् वर बाहेरचं. पाटलानं सांगावा धाडला, बाईला वस्तीत ठेवू नका, दुसऱ्यांच्या लेकराबाळांचा विचार करा. मामंजी बसल्या जागी खचले. आत्याबाईनं भिंतीवर डोकं आपटलं.

मला ठाऊक व्हतं ही रक्तपिती न्हाई. त्या अख्ख्या गावात, पाटलापासून भगतापर्यंत, मला एकटीला ठाऊक व्हतं. रक्तपितीत कातडी बधिर होती, हिला तर काटा टोचलेला कळलाय, म्हाताऱ्यानं न्हाई म्हणलंय. उंबऱ्यात उभी राहून एक वाक्य बोलायचं व्हतं. पण आता ते वाक्य बोलायचं म्हणजे मधल्या सगळ्या महिन्यांचा जाब द्यायचा. जितका उशीर होत गेला तितकं ते जड होत गेलं. पोटात एक, ओठात एक – म्हण म्हणून लोक सहज बोलतात. माझ्या पोटात ते खरंच व्हतं, आन् गंमत बघा, माझ्या कातडीला काय झालं न्हाई.

मळ्यात बांधाच्या कडंला खोप घातली आन् तिला तिथं ठेवली. मुक्ता अजून अंगावर पीत व्हती, रांगत व्हती. तिला ओढून काढली. गजरानं सोडलं न्हाई, मंग सोडलं. भाऊजींनी पोरगी माझ्या हातात दिली आन् म्हणले, वैनी, आता तुमीच हिची आई.

तवा मला काय वाटलं सांगू? सांगायलाच पाहिजे, न्हाईतर हे सगळं बोलणं वाया. मला आनंद झाला. पोरगी माझ्या खांद्यावर रडत व्हती, तिकडं तिची आई मातीत बसून आपल्या फुटलेल्या हातांकडं बघत व्हती, आन् माझ्या छातीत असं काही भरून आलं की वाटलं कुणाला दिसंल. म्या पोरीचं तोंड पदरात झाकलं. खरं तर माझं झाकत व्हते.

रोज मी खोपीपाशी भाकर नेऊन ठेवायची. दगडावर ठेवायची आन् मागं सरायची, तशी रीत घालून दिलती. ती कधी ओळखायची, कधी न्हाई. ओळखलं की एकच विचारायची, मुक्ता दूध पिती का?

एकदा म्या लोटाभर दूध घेतलं. खरंच घेतलं. भाकरीखाली फडक्यात लपवून निघाले. वड्यापर्यंत गेले. मंग वाटलं – दूध प्याली, बरी झाली, तर? बरी होऊन आली तर मुक्ता तिची. आन् आपोआप सगळ्यांना कळंल की दूध दिल्यावर बरी झाली, म्हणजे पथ्य खोटं, म्हणजे मी खोटी. वड्याच्या काठाला मी किती वेळ उभी ऱ्हायले कुणास ठाऊक. मंग लोटा तसाच घरी आणला. संध्याकाळी ते दूध कोमट करून मुक्ताला पाजलं.

थंडीच्या तोंडाला गजरा गेली. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ना, तसं गाव तिचे गुण गायला लागलं. काय ती कातडी, काय तो स्वभाव. मी सगळ्यांत मोठ्यानं रडले. त्यातलं काही खरं व्हतं. किती, ते माझं मलाच सांगता येत न्हाई.

पुढं भाऊजींनी दुसरं लगीन केलं, वेगळे निघाले, पोरगी माझ्यापाशीच ऱ्हायली. मुक्ताला म्या जपलं. शिंक्यावर जे असंल ते आधी तिला. सायीचं दही, डाळीवर तूप, कोंबडीचं काळीज. अंगानं आईवर गेली, तशीच कातडी. पण लग्नाचं बघायला लागलो तर एकेक पाव्हणा दारातून माघारी. रक्तपितीवालीची लेक. तुमीच सांगा, मी काय करायला पाहिजे व्हतं? उत्तर तुमाला ठाऊक हाय, मलाबी ठाऊक व्हतं. म्या गप्प बसून तिला उमापूरच्या एका बिजवराला दिली. दोन लेकरं पदरात, वय तिच्या दुपटीला.  आपल्या नशिबी एवढंच, असं मुक्तानं धरलं.

दुसऱ्या बाळंतपणानंतर ती माहेरपणाला आली. गाडीतून उतरताना तिनं हात पदराखाली झाकले.

मला बघायची गरजच नव्हती. तो पदर म्या आधी बघितलेला. तरी तिला आत नेलं, पदर बाजूला केला. मनगटापासून खाली काळी, जाड, फुटलेली कातडी. गळ्याला कडं धरायला लागलेलं. पोट कसं हाय म्हणलं तर मान खाली घातली. सारखं बिघडतं म्हणाली.

तुझ्या घरी दूधदुभतं न्हाई का गं, म्या विचारलं. हाय की, म्हणाली, दोन म्हशी हायत. पण मला चालत न्हाई. हातावर कसलासा डाग उठला तवाच म्या सासूला सांगून टाकलं, माझ्या आईला हेच झालं व्हतं, केजच्या हकीमानं पथ्य घालून दिलतं.

"दूध, ताक, डाळ, मटण बंद. कोरडी भाकर, तीबी अळणी."

त्याच शब्दांत. त्याच चालीत. गाडीत म्या जसं म्हणलं व्हतं तसंच, एक शब्द इकडंतिकडं न्हाई. घरात इतक्यांदा बोललं गेलं व्हतं ते, पोरीनं पाळण्यापासून ऐकलेलं. कर्ज असतं तर फिटलं असतं, हे कसं फिटायचं? म्या तिला गजरापासून तोडून आणली, सायीवर वाढवली, आन् तिनं सासरी जाऊन माझंच खोटं ताटात वाढून घेतलं. रोज. स्वतःच्या हातानं.

तिच्यापुढं दुधाची वाटी ठेवली तर तिनं सरकवली. पाया पडते आई, मला मारू नकोस, म्हणाली. मला लेकरं हायत.

तवा सांगायला पाहिजे व्हतं. तिथंच, त्या वाटीपाशी. तोंड उघडलं बी. पण ती मला आई म्हणाली व्हती ना आत्ताच? कसं सांगू? मी म्हणाले, चल, केजला जाऊ.

मालकांनी गाडी जुपली. म्हातारा हकीम कवाच अल्लाला प्यारा झालता, दाराला कुलूप व्हतं, हे मला आधीच ठाऊक व्हतं. गाडी म्या बाजारातच थांबवायला लावली, मुक्ताला मालकांपाशी बसवलं आन् म्हणलं, आधी मी विचारून येते, बाया लई हायत आत. गल्लीत वळले. त्या कुलपापुढं उभी ऱ्हायले. मी त्या म्हाताऱ्याची माफी मागितली का? न्हाई. थोडा वेळ काढला आन् परत फिरले.

मंग म्या सांगितलं की नवा हकीम आलाय, लई शिकलेला, हैदराबादेहून. त्यानं सगळं विचारून घेतलं. तो म्हणला, रक्तपिती न्हाई. कातडीचा रोगच न्हाई. पोट रडतं ते कातडीवर दिसतं. दूध दे, डाळ दे, मटणाचा रस्सा दे, नुसत्या ज्वारीवर ठेवू नको. – त्या म्हाताऱ्याचे शब्द इतक्या वर्षांनी पहिल्यांदा माझ्या तोंडातून बाहेर पडले, तेबी दुसऱ्याच्या नावावर.

मुक्ता गोंधळली. मंग तवाच्या हकीमानं असं कावून सांगितलं, आई?

"त्या म्हाताऱ्याला काही कळत नव्हतं," म्या म्हणलं.

हे बी केलं म्या. त्याच्या दारातून येऊन.

ती प्यायली. आधी भीत भीत, मंग अधाशासारखी. म्या तिला समोर बसवून खाऊ घातलं. डाळ, अंडी, ताक, रस्सा. आधी पोट थांबलं. मंग जीभ निवळली. मंग हाताची काळी कातडी पापुद्रे धरून सुटायला लागली आन् खालून नवी आली, कोवळी, गव्हाळ. रोज सकाळी ती अंगणात उन्हाला हात धरून बघायची, कालच्यापेक्षा किती निघालं. मला बोलवायची, आई, बघ की. मी बघायची. मला तिच्या हातावर गजराचे हात दिसायचे. एवढंच लागलं असतं. हेच दूध, हीच डाळ, ह्याच चुलीवरची. त्या खोपीत तिची कातडी अशीच सुटून आली असती आन् तिनं लेकराला असाच हात दाखवला असता.

उमापूरला परत जायच्या आदल्या दिवशी मुक्ता माझ्यापाशी चुलीजवळ येऊन बसली. हात पार निवळले व्हते. तिनं ते माझ्या पायांना लावले आन् बराच वेळ तशीच वाकून ऱ्हायली. उठली तवा डोळे भरलेले.

"आई, ह्यो हकीम तुला तवाच भेटला असता," ती म्हणाली, "तर माझी ती आई बी वाचली असती, न्हाई?"

"व्हय," म्या म्हणलं.

तिनं वाटी पुढं केली. म्या शिंक्यावरून दूध काढून ती भरून दिली.